घरी धुतलेले बूट

कासमचाचा,

तुमच्या लाँड्रीचं शटर अकरा दिवस खाली होतं. पहिल्या दिवशी वाटलं, नमाजाला गेले असतील. दुसऱ्या दिवशी मी चिडले, कारण माझा सूट तुमच्याकडे अडकला होता आणि पावती नुसती माझ्या पर्समध्ये. तिसऱ्या दिवशी शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं, चाचा गावाला गेलेत, भाचीचं लग्न आहे. तेव्हाही मी म्हटलं, सांगून जायला काय होतं? बाराव्या दिवशी शटर अर्धं वर दिसलं. आत नासिर एकटाच होता. तुमचा मुलगा तुमच्या स्टुलावर बसला नव्हता, स्टुलाशेजारी उभा होता. मला तिथंच कळलं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत, असं तो म्हणाला. मी काउंटरला धरून रडले. मागे एक गृहस्थ शर्टांची पिशवी घेऊन उभे होते, ते बिचारे दुसरीकडे बघत राहिले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "अगो बाय, पुढं सरक, गिऱ्हाईक हाय." नासिरनं खुर्ची दिली.

सूट तयार होता. जायच्या आधीच तुम्ही तो धुऊन, उलटा वाळवून, पिशवीत बांधून ठेवला होता. मी तो घेतला आणि घरी आले. पण एक गोष्ट माझ्याकडून तुम्हाला सांगायची राहिली होती, चार वर्षांपासून. ती आता लिहितेय. तुम्ही मराठी वाचायचात की फक्त उर्दू, हेसुद्धा मी कधी विचारलं नाही बघा.

आपली ओळख एका चिखलानं माखलेल्या लाल सुटामुळे झाली. मी इथं दुबईत ऑफिसात बसून पर्यावरणाचे रिपोर्ट लिहिते, पण दर फेब्रुवारीत रजा टाकून पोलंडला जाते. तिथल्या डोंगरातल्या एका जुन्या खाणीत वटवाघळं हिवाळाभर झोपतात आणि आम्ही सात-आठ जण ती मोजतो. पहिल्या वर्षी परत आले आणि आपल्या करामा भागातल्या चार लाँड्र्यांनी तो खाणीत घालायचा अंगभर सूट हातात घ्यायला नकार दिला. तुम्ही तो दोन बोटांनी उचललात, वास घेतलात आणि विचारलंत, "फायर ब्रिगेडचा काय गो?"

मी ऐटीत सांगितलं, साठ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं, एक मिनिट कमी नको. मग कारणही सांगितलं. मला कारण सांगायला आवडतं, आणि तुमच्याइतकं नीट ऐकणारं माणूस मला दुबईत तोवर भेटलं नव्हतं. आमच्या घरी तर वटवाघळाचं नाव काढलं की नवरा टीव्हीचा आवाज वाढवतो आणि लेक म्हणते, "आई, नॉट अगेन."

"म्हंजे बुरशी," तुम्ही म्हणालात.

"हो. थंडीतच वाढणारी. वटवाघळं गाढ झोपली की त्यांच्या नाकावर, कानांवर, पंखांवर पांढरी चढते."

"मंग मरतात?"

"युरोपातली बहुतेक मरत नाहीत. पिढ्यानपिढ्या एकत्र राहिलेत दोघं. अमेरिकेत ही बुरशी नवी गेली, तिथं गुहाच्या गुहा रिकाम्या झाल्या. बुरशीमुळे ती सारखी जागी होतात. जागं झालं की अंगातली चरबी खर्च होते, आणि बाहेर तर बर्फ, खायला एक किडा नाही."

"आणि ती तिकडं गेली कशी?"

"बहुधा माणसांच्या कपड्यांवरून, बुटांवरून. नक्की कुणी पाहिलं नाही. पण सुकल्या चिखलात ती वर्षानुवर्षं तग धरते."

तुम्ही चष्मा लावलात. मला वाटलं, आता पावती फाडतील. पण तुम्ही सुटाचा एकेक खिसा बाहेर उलटा काढायला लागलात, आणि टेबलाखालून एक जुना दाताचा ब्रश काढून खिशांच्या कोपऱ्यांतला, शिवणीतला चिखल कागदावर पाडत बसलात. "पाणी मागून. आधी खिसे. चिखलाचा गोळा आतून गरमच होत नाय, बाय. तू साठवर लाव नायतर सत्तरवर लाव, आतली बुरशी मज्जेत बसेल."

वटवाघळांवर डॉक्टरेट माझी, आणि हे मला कुणी सांगावं तर बेचाळीस वर्षं लोकांच्या खिशांतून चिल्लर, किल्ल्या आणि पानसुपारी काढणाऱ्या माणसानं. आमच्या टीमच्या सूचनांमध्ये 'गरम पाणी' एवढंच होतं. मी त्यात तुमचं वाक्य घातलं. आज तिथले लोक खाणीच्या तोंडाशी बर्फात उभं राहून आधी खिसे उलटे करतात. हे तुम्हाला सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही दिवसभर खूष होतात आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होतात की पोलंडमध्ये आपली पद्धत चालते.

दरपत्रकावर सुटासाठी काही नाव नव्हतं, म्हणून पावतीवर तुम्ही लिहिलंत, 'ब्लँकेट, एक'. शेवटपर्यंत तो ब्लँकेटच राहिला. आणि मी राहिले 'डॉक्टरीण बाय'. तुम्ही एका आजीबाईंना माझ्यासमोर सांगितलंत की ही डॉक्टर आहे, तर त्यांनी गुडघा पुढे केला. तुम्ही म्हणालात, "ती वटवाघळांची, मावशे. तुमाला पंख असते तर बघितलं असतं."

आता बुटांचं.

त्या पहिल्या वर्षी सुटाबरोबर बूटही दिले होते. तुम्ही तेही इमानेइतबारे साठवर घातलेत आणि त्यांचा सोल निघाला. साडेतीनशे दिरहमचे बूट, म्हणजे आपले सात-साडेसात हजार. मी काय काय बोलले ते आठवलं की आजही कान गरम होतात. तुम्ही म्हणालात, "तूच बोललीस, वीस मिनिटं." ते खरंच होतं, म्हणून मी आणखी तडकले. नवे बूट घेतले आणि जाहीर केलं की यापुढे बूट मी घरी धुणार. तुम्ही मान हलवलीत. पण दर वर्षी सूट घेताना विचारायचात, "बूट?" आणि मी म्हणायचे, "घरी धुतले, चाचा. गरम पाण्यात."

थाप होती ती. बाथरूमच्या नळाखाली, कोमट पाण्यात, वरवर ब्रश मारायचे मी. सोल निघेल म्हणून. पोलंडहून पोलंडलाच तर जायचंय, असं मनाची समजूत घालायचे. तिथं बुरशी आहेच, आणि इथल्या उन्हात ती वाढणार थोडीच?

मग चार वर्षांपूर्वी अमेरिकेचं बोलावणं आलं. तिथल्या एका गटानं कार्यशाळेला बोलावलं होतं आणि शेवटच्या दिवशी एका गुहेत नेणार होते. ती गुहा अजून बुरशीपासून वाचलेली होती. आसपासच्या कितीतरी गेल्या, ही राहिली होती. त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं, युरोपात वापरलेली एकही वस्तू आत न्यायची नाही. मी नवा सूट मागवला. आठवडाभर तो जुन्याच्या कपाटात टांगला गेला, म्हणून तोही तुमच्याकडे टाकला, एवढी मी काटेकोर. बुटांच्या बाबतीत मात्र माझी अक्कल कुठे चरायला गेली होती देव जाणे. टाचेला हाड वाढलंय, तुम्हालाही कितीदा ऐकवलंय, नवा बूट मला तासाभरात रडवतो, हे एक कारण. दुसरं म्हणजे माज. माझे बूट स्वच्छच असणार, मी या विषयातली माणूस आहे ना!

विमान संध्याकाळचं होतं. दुपारी गाडी दारात लावून मी सूट न्यायला आले.

"ही अमेरिकेची फेरी का?" तुम्ही विचारलंत. "जिथं मरतात ती?"

"हो चाचा, यल्ला, लवकर करा, उशीर होतोय."

"आणि बूट?"

"नवे आहेत."

तुम्ही काउंटरवरून खाली माझ्या पायांकडे बघितलंत. पायांत चपला होत्या. मग गाडीकडे बघितलंत. "दाखव मना."

आणि मी तुमच्यावर ओरडले, चाचा. भर दुपारी, गिऱ्हाइकांसमोर. म्हणाले, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का? म्हणाले, तुम्ही कपडे धुता, मी हेच शिकवते लोकांना. 'तुम्ही कपडे धुता' हे मी ज्या आवाजात म्हणाले, तो आवाज मला परत घेता आला असता तर काय हवं होतं.

तुम्ही नुसतं म्हणालात, "बरं." आत गेलात. बराच वेळ आला नाहीत. मी घड्याळ बघत, पाय आपटत उभी. मग झिपची काळी पिशवी घेऊन आलात आणि झिपला प्लास्टिकची पट्टी आवळून टाकलीत. "ही आता गुहेत जायच्या दिवशीच फोडायची. मधी उघडलीस तर इथली धूळ लागेल." मी उचलली तर जड. "केवढं वजन, चाचा!"

"जाड कापड हाय," तुम्ही म्हणालात. माझ्याकडे न बघता.

तिसऱ्या, म्हणजे गुहेच्या दिवशी सकाळी मुक्कामाच्या खोलीत बूट बाहेर काढून ठेवले आणि कात्रीनं ती पट्टी कापली. सूट वर उचलला तर त्याच्या दोन्ही पायांत काहीतरी अडकलेलं. एकेका पायातून एकेक काळा गमबूट बाहेर आला. कोरे करकरीत. तळव्यावर स्टिकर तसाच. अडतीस नंबर, सोल निघालेल्या माझ्या बुटांचाच. आत मऊ जाड मोजे, आणि टाचेशी, बरोबर माझं हाड येतं तिथं, स्पंजचा तुकडा चिकटवलेला. चिठ्ठी नव्हती. मी तीनदा शोधली.

म्हणजे तुम्ही त्या दिवशी घाईघाईत मागच्या दारानं सेफ्टीच्या सामानाच्या दुकानात गेला होतात की आधीच आणून ठेवले होते? मला वाटतं, आधीच. स्पंजचा गोंद वाळायला वेळ लागतो. म्हणजे मी थाप मारण्याआधीच तुम्हाला माहीत होतं की मी ती मारणार.

मी पलंगावर बसले. समोर माझे जुने बूट होते, घरी धुतलेले. हात लावायला भीती वाटली. ते प्लास्टिकच्या पिशवीत घातले, ती दुसरीत, ती तिसरीत. त्या देशाच्या कचऱ्यात टाकायचीही हिंमत झाली नाही, तसेच परत आणले. गुहेपाशी त्या गटातल्या एका बाईंनी विचारलं, सगळं नवीन ना? मी हो म्हटलं आणि कागदावर सही केली. ती सही खरी होती. तुमच्यामुळे खरी होती.

आत शंभरेक वटवाघळं टांगलेली होती, चाचा. बोटभर. एकेकाचं नाक मी बघितलं. काळं होतं, स्वच्छ, ओलसर, त्यावर पांढरं काही नव्हतं. मी तिथं उभी राहून रडले. तिथल्या लोकांना वाटलं, प्रेमानं रडतेय. मी घाबरून रडत होते.

परत आल्यावर सूट आणि गमबूट तुमच्यापुढे ठेवले. चार वाक्यं पाठ केली होती. तुम्ही गमबूट उलटे करून बघितलेत.

"लागले का गो टाचेला?"

"नाही. छान बसले."

"बरं झालं. ह्ये साठवर घातले तरी कायच होत नाय."

एवढंच. पाठ केलेली चार वाक्यं तशीच राहिली. तुम्ही पावतीवर लिहिलंत, 'ब्लँकेट एक, गमबूट एक जोड', आणि पुन्हा कधी "बूट?" असं विचारलं नाहीत. मला वाटलं, सुटले. आता कळतंय, तुम्ही मला सोडलं नव्हतंत, सोय करून दिली होतीत. लाज वाटल्याशिवाय माणूस सुधारायला हवा, अशी काहीतरी तुमची समजूत असावी. माझं म्हणाल तर मला चार वर्षं भरपूर लाज वाटली.

आणि आपला तो दुसरा, दर वर्षीचा वाद? तो तर अर्धाच राहिला. गेल्या महिन्यात, शेवटच्या भेटीत, सुटाचे खिसे उलटे करता करता तुम्ही पुन्हा तोच काढलात. "झोपल्याला उठवलं का ती मरतात, असं तूच बोललीस. मंग तुमी सात-आठ जण बत्त्या लावून आत जाता, त्याला काय म्हणायचं? बुरशी उठवते, तुमी पण उठवता. फरक काय?"

"आम्ही मोजतो, चाचा. मोजलं नाही तर ती आहेत की गेली हे कळणार कसं?"

"कळून त्यांना काय फायदा?"

मी म्हटलं, तुम्हाला यातलं कळत नाही. म्हटलं आणि लगेच हसू आलं, कारण हे वाक्य मी तुम्हाला आजवर जितक्यांदा ऐकवलं, तितक्यांदा मीच तोंडावर पडले होते. तुम्हीही हसलात. "बरं. पुढल्या वर्षी उत्तर आण." मी म्हटलं, आणते. तुम्ही म्हणालात, "इन्शाल्ला."

उत्तर अजून नाही माझ्याकडे. पण परवा टीमला लिहिलं की दर वर्षी सगळ्यांनी आत जायला हवंच का? दोघं गेले आणि एक वर्ष सोडून गेले तर? तिकडून उत्तर आलं की हा प्रश्न कुणी काढला. मी लिहिलं, माझ्या लाँड्रीवाल्या चाचांनी. 'लाँड्रीवाल्या' हा शब्द मी यावेळी अभिमानानं लिहिला.

लोक विचारतात, एवढं काय, कपडे धुणारे तर होते. मी सांगत बसत नाही. ज्या गुहेचं नाव तुम्ही कधी ऐकलं नाहीत, तिथली झोपलेली शंभर जनावरं तुम्ही करामातल्या एका काउंटरवरून सांभाळलीत, आणि त्यांच्याबरोबर माझी अब्रूही. मला दोन्हींचा हिशोब लावता येत नाही. नुसतं बरं वाटतं, की तुम्ही मला भेटलात.

आज सकाळी माळ्यावरून त्या जुन्या बुटांचं तीन पिशव्यांचं गाठोडं काढलं आणि दुकानात गेले. नासिर आता स्टुलावर बसायला लागलाय. मी ती पिशवी काउंटरवर ठेवली. त्यानं एकेक गाठ सोडली आणि बूट बघितले.

"अब्बा बोललेले," तो म्हणाला, "डॉक्टरीण बाय एक दिवस बूट आणील. आणले तर काय विचारू नको, साठवर लाव."

चाचा, मी तिथंच उभी राहून, मागे दोन गिऱ्हाइकं असताना, मोठ्यानं म्हणाले, "हे घरी नीट धुतलेले नाहीत. मी त्यांना खोटं सांगितलं होतं. आणि अमेरिकेला जाताना हे नवे आहेत म्हणाले, तेही खोटं होतं."

नासिरनं मान डोलावली. मग टेबलाखालून तो दाताचा ब्रश काढला, बुटाच्या आतलं अस्तर बोटानं उचकटलं आणि बूट कागदावर आपटला. अस्तराखालून नखाएवढी खपली पडली. करड्या रंगाची, कोरडी. त्या खाणीतला चिखल मी कुठेही ओळखीन.

त्यानं कागदाची पुडी केली, ती गरम पाण्याच्या बादलीत टाकली आणि पावतीवर लिहायला पेन उचलला. मग थांबला.

"सोल निघेल हां, बाय."

"निघू दे," मी म्हणाले.